भूगोलाचा तास : वेष्टन एक, माती तीन

फराळाचं ताट शेजारी घेऊन बसा, कारण यंदाचा तास मातीचा आहे. चकली खाता खाता वाचता येईल इतपत सोपा करायचा प्रयत्न केला आहे.

इथल्या गार्डन सेंटरमधून तुळशीसाठी किंवा कढीपत्त्यासाठी मातीची पिशवी आणली, की तिच्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर गोल मणी दिसतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ती किड्यांची अंडी वाटतात. ती अंडी नाहीत, ते खत आहे. खताच्या दाण्यावर पातळ वेष्टन चढवलेलं असतं. बाहेरचं पाणी हळूहळू आत शिरतं, आतलं खत विरघळतं आणि तितक्याच सावकाश बाहेर झिरपतं. सगळं खत एकदम देण्याऐवजी झाडाला रोजचा शिधा द्यावा, तसा हा प्रकार.

याच कल्पनेची मोठी आवृत्ती आपल्या घरांच्या चारी बाजूंना पसरलेल्या मक्यात वापरली जाते. आपण ब्लूमिंग्टन-नॉर्मलची माणसं मॅक्लीन काउंटीत राहतो. अमेरिकेत सर्वांत जास्त मका पिकवणाऱ्या काउंट्यांमध्ये तिची गणना होते. पण हायवेवरून जाताना आपल्याला मका दिसतो आणि माती दिसत नाही. यंदाची गोष्ट त्या न दिसणाऱ्या मातीची आहे.

या विषयाकडे मी वळले ती धाकट्या दिरांच्या एका प्रश्नामुळे. ते सिल्लोड तालुक्यात शेती करतात. चार एकर मका असतो. मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं मक्याला कोटिंगचा युरिया टाकतेत म्हणे. एकदा टाकला की झालं. आमच्याकडं दुकानात आता गंधकाचा युरिया आलाय, गोल्ड का काय ते. घेऊ का? तुम्ही भूगोलाच्या मॅडम, तुम्हीच सांगा." लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं मी आठवी-नववीला भूगोल शिकवला. इथे आल्यापासून मला असा थेट प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी जरा हुरूपानंच वाचायला बसले. शिवाय प्रश्न साधा नव्हता. त्या चार एकरांच्या पैशांवर पुतणीच्या होस्टेलची फी भरायची असते.

नत्र पळतं कुठे?

युरियात 46 टक्के नत्र असतं. मातीत पडल्यावर काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं आणि पुढे मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मक्याची मुळं दोन्ही घेतात. अडचण अशी की मक्याची खरी भूक रोप गुडघ्याएवढं झाल्यापासून तुरा येईपर्यंत असते आणि खत बहुतेकदा पेरणीच्या आसपास पडतं. मधल्या आठवड्यांत नत्राला पळून जायला तीन वाटा असतात.

पहिली वाट खाली जाते. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी खाली गेलं की तेही जातं. दुसरी वाट वर जाते. युरिया जमिनीवर उघडा पडला, जमीन ओलसर आणि क्षारधर्मी असली, तर त्याचा अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. तिसरी वाट साचलेल्या पाण्याची. जमिनीत पाणी तुंबलं की आतला प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातं.

आता वेष्टनाचं काम लक्षात येईल. नत्र दाण्याच्या आत आहे, तोवर ते तिन्ही वाटांपासून सुरक्षित आहे. पण आपल्या शेतात कोणती वाट उघडी आहे, हे माती ठरवते. म्हणून एकच वेष्टन एका शेतात सोन्यासारखं ठरतं आणि शेजारच्या शेतात नुसता खर्च.

तीन मात्या, तीन निकाल

इलिनॉय नदीकाठी हवाना गावाच्या आसपास मेसन काउंटी आहे. ब्लूमिंग्टनहून सव्वा तासाची वाट. तिथली जमीन वाळूची आहे. सँड रिज नावाच्या तिथल्या राज्य वनात चक्क निवडुंग उगवतो. इलिनॉयमध्ये निवडुंग पाहून आपली मुलं हरखून जातात, एकदा जरूर घेऊन जा. या वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून शेतात चाकांवर फिरणारे लांबच लांब तुषार सिंचनाचे सांगाडे दिसतात. इथे नत्राची खाली जाणारी वाट सताड उघडी असते. जूनच्या सुरुवातीला दोन मोठे पाऊस झाले, की साध्या युरियातलं नायट्रेट मुळांच्या खाली गेलंच म्हणून समजा. अशा ठिकाणी वेष्टनाला खरं काम असतं. मात्र त्याला एक स्वस्त प्रतिस्पर्धीही आहे. तोच साधा युरिया तीन-चार हप्त्यांत किंवा सिंचनाच्या पाण्यातून दिला तरी बरंचसं तेच साधतं. फक्त त्यासाठी शेतात पुन्हा पुन्हा जावं लागतं.

दुसरी माती आपल्या दाराशीच आहे. 'ड्रमर' हे तिचं नाव आणि ती इलिनॉयची अधिकृत राज्य-माती आहे. राज्याला पक्षी असतो, फूल असतं, तशी मातीही असते, हे मला इथे आल्यावर कळलं. हजारो वर्षं प्रेअरीचं गवत कुजून ही काळी माती तयार झाली. तिच्यात चार-पाच टक्के सेंद्रिय द्रव्य सहज सापडतं. इथल्या शेतकऱ्यांचा जुना ढोबळ हिशोब असा, की सेंद्रिय द्रव्याच्या दर टक्क्यामागे माती वर्षाला एकरी सुमारे 20 पौंड नत्र स्वतःच मोकळं करते. म्हणजे या मातीची कोठी भरलेलीच असते. साध्या वर्षात इथे महागड्या वेष्टनाचा फारसा फरक दिसत नाही. वसंतात अतिपाऊस झाला तरच ते आपली किंमत वसूल करतं. थोडक्यात, इथे वेष्टन म्हणजे विम्याचा हप्ता.

तिसरी माती दक्षिण इलिनॉयमध्ये आणि मिसुरीच्या ईशान्य भागात आहे. तिला क्लेपॅन म्हणतात. वरची माती बरी असते, पण फूट-दीड फुटाच्या आसपास चिकणमातीचा असा घट्ट थर असतो की पाणी त्यातून जवळजवळ जातच नाही. वसंतातला पाऊस या थरावर साचून राहतो आणि नत्राची तिसरी वाट उघडते. मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका जमिनीवर मक्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. पाणी साचणाऱ्या सखल भागात पॉलिमरचं वेष्टन असलेल्या युरियाने साध्या युरियापेक्षा स्पष्ट जास्त मका दिला. माथ्यावर आणि उतारावर मात्र खतांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. जमीन तीच, पीक तेच, खत तेच. उंच-सखल बदललं आणि उत्तर बदललं. वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं.

याशिवाय उष्णता आहे. पॉलिमरच्या वेष्टनातून खत किती वेगाने बाहेर येणार, हे मुख्यतः मातीच्या तापमानावर ठरतं. इथे मक्याची पेरणी एप्रिल-मेमध्ये गार मातीत होते. ओली, भारी माती तापायला वेळ घेते आणि वाळू पटकन तापते. कोरड्या मातीत दाणा तसाच बसून राहतो, कारण आत शिरायला पाणीच नसतं. उतारावर नुसता पसरलेला दाणा जोराच्या पावसात पाण्याबरोबर वाहूनही जाऊ शकतो.

सिल्लोडचा हिशोब

आता दिरांच्या प्रश्नाकडे येते. मी त्यांना आधी एकच काम सांगितलं, "भाऊजी, मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो पाठवा." भारतात 2015 पासून शेतकऱ्यांना ही पत्रिका मिळते. तिच्यावर मातीच्या 12 गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यांत सामू, सेंद्रिय कर्ब आणि गंधकही असतात. त्यांच्या दोन पत्रिका ट्रंकेत बिलांखाली निघाल्या, कारण शेताचे तुकडेही दोन आहेत. दोन एकर नाल्याकाठची भारी काळी आणि दोन एकर माळावरची मुरमाड.

पत्रिका वाचताना एक गोष्ट सांभाळावी लागते. इथे 'सेंद्रिय द्रव्य' लिहितात आणि तिकडे 'सेंद्रिय कर्ब'. कर्बाच्या आकड्याला सुमारे 1.72 ने गुणलं की द्रव्याचा आकडा मिळतो. त्यांच्या काळ्या रानाचा कर्ब 0.4 टक्के होता, म्हणजे द्रव्य 0.7 टक्क्यांच्या आत. आपल्या दारातल्या ड्रमरशी ताडून पाहा. दोन्ही माती काळ्याच, पण काळेपणाची कारणं वेगळी आणि कोठारही वेगळं. आपली काळी जमीन मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली. रंग पाहून तिला इलिनॉयची बहीण समजू नये.

काळ्या रानाचा सामू 8.2 निघाला. म्हणजे वर टाकलेला युरिया हवेत उडण्याची भीती. त्यातच नाल्याकाठी ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस वापसा येत नाही, जमीन चिबडते. म्हणजे तिसरी वाटही उघडी. माळावरच्या मुरमाड तुकड्यात पाणी ठरत नाही, तिथे पहिली वाट. शिवाय त्या पत्रिकेवर गंधक 'कमी' होतं आणि काळ्या रानात पुरेसं होतं. एकाच घरच्या चार एकरांत दोन वेगळे रोगी, आणि दुकानात औषध एकच.

मग आम्ही वेष्टनांकडे वळलो. मी म्हटलं, "भाऊजी, अमेरिकेचं राहू द्या, तुमच्या नेहमीच्या पोत्यातला युरियाही लेप दिलेलाच आहे." 2015 पासून भारतात सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. पण हा लेप पाणी अडवत नाही. अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो मंद करतो. त्यामुळे खाली झिरपणं आणि तुंबलेल्या पाण्यातला ऱ्हास यांना तो थोडाफार आळा घालतो. हवेत उडणाऱ्या अमोनियावर त्याचा इलाज चालत नाही. त्यासाठी खत मातीआड करणं हाच उपाय.

गंधकाचा लेप वेगळा. ही कल्पना 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या संशोधकांनी पुढे आणली. गंधकाचं कवच कडक आणि ठिसूळ असतं. जिथे बारीक फट असते किंवा जिवाणू कवच कुरतडतात, तिथून नत्र बाहेर येतं. म्हणून काही दाणे लवकर मोकळे होतात आणि काही फार उशिरा. भारतात 'युरिया गोल्ड' नावाने आलेल्या या खतात 37 टक्के नत्र आणि 17 टक्के गंधक असतं.

पुढचा हिशोब पाचवीच्या मुलालाही येईल. नेहमीच्या युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात 20.7 किलो नत्र. गोल्डचं पोतं 40 किलोचं, त्यात 14.8 किलो. किंमत मात्र दोन्हींची जवळजवळ सारखी, सुमारे 266 रुपये. महाराष्ट्रात खरीप मक्याला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे एकरी 48 किलो. सगळं युरियातूनच द्यायचं धरलं, तर साधी सव्वादोन पोती किंवा गोल्डची सव्वातीन. दीर हसले आणि म्हणाले, "म्हणजे पोतं तेवढ्याच पैशाचं अन् माल कमी!" मी म्हटलं, माल कमी नाही, नत्र कमी आणि गंधक जास्त. ज्या तुकड्याला गंधक हवं आहे तिथे ते वाया जाणार नाही. ज्याला नको, तिथे त्यासाठी पैसे का मोजायचे?

आणि व्हिडिओतला तो अमेरिकन पॉलिमरचा दाणा? तो इथल्या गार वसंताचा अंदाज घेऊन वापरला जातो. जूनमधल्या सिल्लोडच्या तापलेल्या मातीत तो कितीतरी लवकर रिकामा होईल. शिवाय पोत्यामागे सरकारी अनुदान असलेल्या युरियाशी त्याच्या किमतीची तुलनाच होत नाही.

शेवटी त्यांनी गावच्या कृषी सहायकांना पत्रिका दाखवून ठरवलं ते असं. माळावर एक हप्ता गोल्डचा आणि बाकी साधा. काळ्या रानात साधाच युरिया, तीन हप्त्यांत, ओळीत पेरून लगेच मातीआड करायचा, आणि नाल्याच्या बाजूला पाणी निघायला चर काढायचा. चर काढायला दोन दिवस गेले आणि मजुरीही गेली. हे लिहिते आहे तेव्हा कणसं अजून रानातच आहेत, त्यामुळे वजनाचा आकडा तुम्हाला देता येत नाही. पण ऑगस्टच्या पावसानंतर नाल्याकाठच्या ओळी दर वर्षीसारख्या पिवळ्या पडल्या नाहीत, असं ते सांगतात. त्याचं श्रेय ते चराला देतात, मीही चरालाच देते. त्या तुकड्याचं खरं दुखणं निचऱ्याचं होतं.

आपल्या नळातलं नत्र

तुम्ही म्हणाल, आपण शेतकरी नाही, आपला काय संबंध? संबंध नळाचा आहे. आपल्या भागातल्या काळ्या जमिनीखाली पाणी काढून टाकायला छिद्रांच्या नळ्या पुरलेल्या आहेत. मक्याला न मिळालेलं नायट्रेट त्या नळ्यांतून ओढ्यात आणि ओढ्यातून तलावात जातं. ब्लूमिंग्टन शहराचं पाणी ब्लूमिंग्टन आणि एव्हरग्रीन या दोन तलावांतून येतं, आणि नायट्रेटवर लक्ष ठेवणं हे अशा पाणीपुरवठ्याचं जुनं काम आहे. उरलेलं मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात पोहोचतं. तिथे दर उन्हाळ्यात समुद्राचा मोठा पट्टा प्राणवायूविना पडतो.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम आहे आणि भारतात 45. हे पाहून इथले नियम चौपट कडक आहेत असं वाटेल. तसं नाही. इथे फक्त नत्राचं वजन मोजतात आणि तिकडे पूर्ण नायट्रेटचं. हिशोब केला की दोन्ही मर्यादा जवळपास एकच निघतात. ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे. जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. शहराबाहेर ज्यांच्या घराला स्वतःची विहीर आहे, त्यांनी पाणी स्वतःच तपासून घ्यावं, कारण खासगी विहिरीची तपासणी सरकार नियमाने करत नाही. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे उलट प्रमाण वाढतं. गावाकडे विहिरीचं पाणी पिणाऱ्या नातेवाइकांनाही हे आवर्जून सांगा. दुधाची पावडर कालवताना आपल्याकडे पाणी उकळून घेण्यावरच सगळा भरवसा असतो.

किल्ल्याची माती

आता थोडा गृहपाठ. या दिवाळीत मुलं घरामागे किल्ला करतील. त्यातली मूठभर माती काचेच्या उभ्या बरणीत घ्या, बरणी पाण्याने भरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खूप हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसेल. गाळ तासा-दोन तासांत बसेल. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवेल. थरांची जाडी पट्टीने मोजायची आणि कागदावर लिहायची. मग त्याच मातीचा बुरूज करून पाहायचा. वाळू जास्त असेल तर तो ढासळेल. चिकणमाती जास्त असेल तर सुंदर उभा राहील, पण वाळल्यावर त्याला भेगा पडतील. किल्ल्यावर मोहरी पेरणार असाल तर दोन्ही प्रकारच्या मातीत पेरा आणि कुठली आधी तरारते ते मुलांनाच बघू द्या.

पाडव्याला गावी फोन होईलच. शेती असलेल्या घरी "पाऊस कसा झाला?" हे आपण नेहमीच विचारतो. यंदा त्याला एक प्रश्न जोडा, "पत्रिकेवर सामू किती आहे?" पत्रिका बऱ्याच घरी असते, पण बहुतेकदा ती वाचलेली नसते. तुमच्या विचारण्याने ती ट्रंकेतून बाहेर आली, तर यंदाचा तास सार्थकी लागला असं मी समजेन.